गुरुवारची रात्र, शुक्रवारचं विमान

अमेरिकेला मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांच्या गप्पांत एक प्रकार अधूनमधून ऐकू येतो. सहा महिने सगळं सुरळीत पार पडतं आणि शेवटी परतीचं विमान चुकतं. ट्रॅफिकमुळे नाही, तब्येतीमुळे नाही, तर तारखेमुळे. विमान मध्यरात्र उलटल्यावर सुटणारं असतं आणि घरातले सगळे एक दिवस उशिरा निघायच्या तयारीत असतात. मग चूक कुणाची यावरून घरात दोन पक्ष पडतात. पुढचा संवाद अशाच दोन पक्षांचा आहे. अक्का भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, फ्रीमाँटला मुलगी-जावयाकडे राहून नुकत्याच परतलेल्या. बापू त्यांचे धाकटे भाऊ. उभी नोकरी एसटीत केली, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्थळ साताऱ्यातलं बापूंचं घर.

बापू : अक्का, एक विचारतो, राग मानू नकोस. घरात चार शिकलेली माणसं. त्यात तू जन्मभर पोरांना रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ शिकवलीस. तिकिटावरची तारीख एकानंही वाचली नाही?

अक्का : वाचली की. सगळ्यांनी वाचली. कागद फ्रिजवर लावलेला होता. २४ ऑक्टोबर, शुक्रवार, ००:४०. नातवाला पाठ झालं होतं ते.

बापू : मग घोडं अडलं कुठं?

अक्का : विमान शुक्रवारचं आणि रात्री बारा चाळीसचं. म्हणून शुक्रवारी लवकर जेवायचं आणि निघायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे चर्चासुद्धा झाली नाही. जो तो तेच धरून चालला होता.

बापू : अगं, शून्य-शून्य चाळीस म्हणजे शुक्रवार लागून चाळीस मिनिटं झालेली. गुरुवारी रात्री साडेआठला घर सोडायला पाहिजे होतं तुम्ही.

अक्का : आता शेजारची सोनूही तेच सांगते. विमान गेल्यावर सगळ्यांनाच गणित येतं. बरं, आम्ही झोपलो होतो असंही नाही. कालनिर्णयाप्रमाणे गुरुवारी भाऊबीज होती. नातीनं नातवाला ओवाळलं, जेवणं उशिरा झाली. त्यानंतर हॉलमध्ये चारही बॅगा उघड्या पडलेल्या. तेवीस किलोच्या वर एकही जाऊ द्यायची नाही म्हणून हे हातात धरायचा वजनकाटा घेऊन एकेक बॅग उचलत होते. बावीस आठशे आली की खूश, तेवीस दोनशे आली की माझ्याकडे बघायचे. मग मी बदामाचं एक पाकीट काढायचे आणि दुसऱ्या बॅगेत घालायचे. असं साडेबारा-एकपर्यंत चाललं होतं. म्हणजे विमान धावपट्टीवर होतं आणि दोन प्रवासी घरी बदाम इकडून तिकडे करत होते.

बापू : विमान कंपनीनं काही कळवलं नाही? हल्ली तर मेसेजवर मेसेज येतात.

अक्का : आला ना. गुरुवारी सकाळी मुलीच्या फोनवर आला, ‘तुमचं विमान उद्या सुटणार आहे.’ ती म्हणाली, ‘आई, बघ गं, आठवण आली त्यांची.’ आम्ही म्हटलं, बरोबर, उद्याच तर जायचंय. मेसेज अक्षर न् अक्षर खरा होता. पण त्यानं आम्हाला सावध करायच्या ऐवजी आमची समजूत आणखी पक्की केली.

बापू : आणि ते वेब चेक-इन? ते तर दोन दिवस आधीच उघडत असेल.

अक्का : उघडलं होतं. दिवाळीच्या गडबडीत म्हटलं, निघायच्या दिवशी सकाळी निवांत करू. शुक्रवारी सकाळी मुलगी बोर्डिंग पास काढायला बसली. बराच वेळ काही बोललीच नाही. मग जावयाला हाक मारली. स्क्रीनवर आलं होतं की उड्डाण झालेलं आहे.

बापू : हे बघ, वाईट मलाही वाटलं. दाजींचे गुडघे, तुमची वयं, तो मनस्ताप. पण खरं सांगू? मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. माझ्या दृष्टीनं तिकीट हा करार आहे. एकदा घेतलं की त्यावर काय लिहिलंय ते समजून घ्यायची जबाबदारी प्रवाशाची. त्या विमानात बाकीची दोन-अडीचशे माणसं बसलीच ना? त्यांनाही तेच शून्य-शून्य चाळीस छापून मिळालं होतं. त्यांना कळलं, तुम्हाला नाही.

अक्का : ही तुझी आवडती पळवाट आहे. अडीचशेंना कळलं म्हणून लिहिणाऱ्याचं लिहिणं चोख, असं नसतं. परीक्षेत एकाच प्रश्नाला दरवर्षी दोन-चार हुशार मुलं चुकीचं उत्तर लिहायला लागली, की आम्ही प्रश्न परत वाचून बघायचो. मुलं ढ आहेत असं म्हणून सोडून द्यायचो नाही.

बापू : प्रश्नात काही चूक होती का पण? तारीख बरोबर, वार बरोबर, वेळ बरोबर. चोवीस तासांचं घड्याळ, म्हणजे एएम-पीएमचा घोळसुद्धा नाही. याहून चोख काय लिहायचं?

अक्का : चूक एकही नव्हती, ते मान्य. तरी माणसं चुकतात आणि एकाच पद्धतीनं चुकतात. कुणी एक दिवस आधी जात नाही, सगळे एक दिवस उशिरा जातात. निष्काळजीपणा असता तर दोन्हीकडे चुकले असते. सगळी चूक एकाच बाजूला पडते, तेव्हा तिला काहीतरी कारण असतं.

बापू : काय कारण?

अक्का : आपल्या मनात तारीख बारा वाजता बदलत नाही. आपण झोपून उठतो तेव्हा बदलते. गोकुळाष्टमीला देवळात मध्यरात्री जन्म होतो, पाळणा म्हणतात, सुंठवडा घेऊन आपण एक वाजता घरी येतो. तेव्हा तुला कधी वाटलंय का की आता दुसरा दिवस लागला? आईचा एकादशीचा उपास बारा वाजता सुटायचा का? पंचांगातसुद्धा वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारची रात्र उजाडेपर्यंत सोमवारचीच. हजारो वर्षं माणसं तशीच जगली.

बापू : हो, पण आता विमानं पंचांगावर सोडायची का? साताऱ्याचा सूर्योदय वेगळा, सॅन फ्रान्सिस्कोचा वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा, हिवाळ्यातला वेगळा. दिवस कुठंतरी तोडावा तर लागणारच. मध्यरात्रीला तोडला, कारण तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात. त्यात कुणाचं बिघडतं?

अक्का : झोपलेल्यांचं काहीच बिघडत नाही. जागे असतात त्यांचं बिघडतं. १८८४ साली वॉशिंग्टनला परिषद भरली, ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं, जागतिक दिवस मध्यरात्री सुरू करायचा हेही तिथंच ठरलं. मी दरवर्षी शिकवायचे. पण तेव्हासुद्धा रात्रभर जागणारी एक जमात होती, खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, म्हणजे एका रात्रीचं निरीक्षण एकाच तारखेखाली राहायचं. परिषदेनंतरही चाळीस वर्षं त्यांनी ते सोडलं नाही. १९२५ पासून त्यांनी मध्यरात्र मान्य केली.

बापू : केली ना शेवटी? हेच तर म्हणतोय मी. सगळ्यांना शेवटी एकाच नियमाखाली यावं लागतं. मुंबईचं उदाहरण तूच सांगायचीस. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईनं आपलं वेगळं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं मागे ठेवलं आणि ते १९५५ पर्यंत चालवलं. शहराची वेळ एक, रेल्वेची दुसरी. आपले आजोबा मुंबईला गेले की दर वेळी विचारायचे, ही वेळ कुठली, गावातली की गाडीची? नियम दोन झाले की प्रवाशाचेच हाल होतात. एकच असावा, मग तो कुणाला गैरसोयीचा वाटला तरी चालेल.

अक्का : नियम एकच असू दे. भांडण नियमाशी नाहीच माझं. पुढचं ऐक, म्हणजे कशाशी आहे ते कळेल. विमान गेलं म्हटल्यावर पहिला धक्का हा की एकट्या त्या विमानाचं तिकीट गेलं नव्हतं. आमचं मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं होतं. पहिल्याला हजर नाही म्हटल्यावर ‘नो-शो’, आणि पुढचं मुंबईचं तिकीटही आपोआप रद्द.

बापू : ते तर सगळीकडे तसंच असतं. पण घाई काय होती? व्हिसा तर तुमचा दहा वर्षांचा. आठवडाभर थांबून स्वस्तातलं बघायचं.

अक्का : इथंच सगळे फसतात. व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे दहा वर्षांत केव्हाही विमानतळावर जाऊन आत सोडा म्हणायची मुभा. आत किती राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो. त्याची नोंद आय-९४ वर असते. हल्ली तो कागद हातात देत नाहीत, त्यांच्या वेबसाइटवर बघायचा. आम्ही २७ एप्रिलला उतरलो होतो, आम्हाला २६ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली होती.

बापू : म्हणजे २४ चं विमान चुकलं आणि हातात दोन दिवस! इतक्या काठावर तिकीट काढायचं कशाला?

अक्का : नातवंडांबरोबर दिवाळी करायची होती म्हणून. तीही चूकच धर हवं तर. पण मुदतीपुढे राहिलं की तो व्हिसा तिथंच रद्दबातल होतो, मग एक दिवस असो की एक महिना. पुढच्या वेळी पुन्हा नव्यानं अर्ज, पुन्हा मुलाखत. मुदत संपायच्या आत वाढवून मागता येते, आय-५३९ नावाचा फॉर्म असतो. जावई शुक्रवारी दुपारी तो उघडून बसलाच होता. पण ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभराच्याच उरलेल्या आणि विम्याची मुदतही संपत आलेली. म्हटलं, नको, जाऊ दे आम्हाला.

बापू : मग कुठलं मिळालं?

अक्का : आता खरी मजा ऐक. शोधताना एक तिकीट बरं दिसलं, आमच्या आधीच्याच वेळेचं. स्क्रीनवर २७ ऑक्टोबर, ००:४०. हे लगेच म्हणाले, ‘रविवारी रात्रीचं आहे, मुदतीत बसतं, घेऊन टाका.’ मुलगी म्हणाली, ‘बाबा, थांबा. मुदत सव्वीसपर्यंत आहे. हे विमान सत्तावीसला उडतं.’ आता तूच सांग. आम्ही विमानतळावर रविवारी जाणार, सामान रविवारी देणार, सुरक्षा तपासणी रविवारी, आणि कागदावर देश सोडणार सोमवारी, चाळीस मिनिटांनी.

बापू : चाळीस मिनिटांवरून कुणी अडवलं असतं?

अक्का : अडवलं असतं की नसतं, ते अजमावून बघायची ती जागा नव्हती. मुलीनं ते घेतलं नाही. शनिवारी दुपारचं घेतलं, दुबईवरून. दोघांची एकेरी तिकिटं, आदल्या दिवशी काढलेली. जेवढ्यात आमचं जाणं-येणं झालं होतं, त्याहून जास्त गेले.

बापू : म्हणजे आठवड्यात दुसऱ्यांदा मध्यरात्र आडवी आली. पण या वेळी तुमच्या मुलीनं नीट वाचलं. यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो की नाही? नीट वाचलं तर कळतं.

अक्का : एकदा पोळलं की सगळे ताक फुंकून पितात. आणखी एक सांगते. आम्ही मुंबईला सोमवारी पहाटे अडीचला उतरणार होतो. आमच्यासाठी गाडी तूच ठरवली होतीस. ड्रायव्हरला काय सांगितलंस?

बापू : हेच, सोमवारी पहाटे अडीच, मुंबई विमानतळ.

अक्का : आणि तो काय म्हणाला?

बापू : म्हणाला, ‘म्हणजे साहेब, रविवारी संध्याकाळी निघायचं ना?’

अक्का : बघ! चौथी शिकलेला माणूस. त्याला दिवस कुठं तुटतो याच्याशी देणंघेणं नाही. त्याला हवं होतं ते एकच, गाडी घराबाहेर कधी काढायची. त्यानं सोमवार ऐकला आणि तिथल्या तिथं त्याचा रविवार करून तुझ्याकडून खात्री करून घेतली. मी तेच म्हणते. प्रवाशाला विमान कधी उडतं हे कळून उपयोग नाही. आपण कधी हलायचं हे त्याला कळलं पाहिजे.

बापू : हे मला पटतं. अगं, मी डेपोत नव्या पोरांना हेच सांगायचो. प्रवासी विचारतो, ‘गाडी कितीला?’ उत्तर द्यायचं, ‘सव्वाला फलाटावर या.’ पण हे काम ज्याचं त्यानं घरी करायचं असतं. फ्रिजवर तिकीट लावायच्या ऐवजी ‘गुरुवारी साडेआठला घर सोडणे’ अशी चिठ्ठी लावली असती, तर एवढं रामायण झालं नसतं. दोष त्या चिठ्ठीचा.

अक्का : आणि ती चिठ्ठी कुणी लिहायची? हे बघ, आमचं विमान शुक्रवारी ००:४० चं. सामान घ्यायचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे गुरुवारी ११:४० ला. तीन तास आधी या म्हणतात, म्हणजे गुरुवारी ९:४० ला. फ्रीमाँटहून सॅन मटेओचा पूल ओलांडून जायचं, म्हणजे निघायचं गुरुवारी साडेआठला. प्रवाशानं करायची एकूण एक गोष्ट गुरुवारची. शुक्रवारचं असं एकच काम उरतं, उडायचं, आणि ते विमानाचं. मग प्रवाशाच्या हातात दिलेल्या कागदावर गुरुवार हा शब्द एकदाही का नाही?

बापू : हं.

अक्का : हं काय? बोल की.

बापू : थांब, विचार करू दे. तू हे असं मांडलंस म्हणून मला आमचंच काहीतरी आठवलं. आम्हा एसटीवाल्यांना मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता, १९६१ चा. त्यात दिवसाची व्याख्या होती. मध्यरात्रीपासून चोवीस तास, तुझ्या त्या परिषदेसारखीच. पण तिला एक परंतुक होतं. ड्यूटी मध्यरात्रीआधी सुरू होऊन पलीकडे गेली, तर बारा वाजल्यानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस ड्यूटी संपल्यावर सुरू व्हायचा. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही रात्रपाळीला अशीच तरतूद होती. रातराणीवरचा ड्रायव्हर गुरुवारी रात्री दहाला गाडीवर चढला, की शुक्रवारी सकाळी उतरेपर्यंत त्याची ड्यूटी गुरुवारची. हजेरी आम्ही तशीच लावायचो.

अक्का : म्हणजे स्टिअरिंगवर बसलेल्याची रात्र गुरुवारची आणि त्याच गाडीत मागे बसलेल्याची शुक्रवारची?

बापू : रात्री बारानंतर वाटेत चढणारा असेल, तर हो. कागदावर तसंच. तेहतीस वर्षं नोकरी केली, पण हे असं समोरासमोर ठेवून कधी बघितलं नव्हतं.

अक्का : म्हणजे रात्र उजाडेपर्यंत आदल्या दिवसाची असते, हे कायद्यालाही ठाऊक आहे. फक्त पगार द्यायच्या वेळी आठवतं, तिकीट द्यायच्या वेळी नाही. आणि हे एकट्या कायद्याला नाही, कॉम्प्युटरलाही ठाऊक आहे. आमच्या जावयाचं काम नकाशांचं. त्यानं मला दाखवलं. फोनवर आपण बस कितीला आहे ते बघतो ना, त्यासाठी बस कंपन्या वेळापत्रक ज्या साच्यात देतात त्याला जीटीएफएस म्हणतात. पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून तो २००५ च्या सुमारास तयार केला. त्यात गुरुवारच्या फेरीतली बस रात्री दीडला एखाद्या थांब्यावर येत असेल तर ०१:३० लिहीत नाहीत, २५:३० लिहितात. कारण फेरी गुरुवारची आहे.

बापू : पंचवीस तीस! प्रवाशाला दाखवतात असं?

अक्का : प्रवाशाला नाही, आतल्या आत. पण जपानमध्ये टीव्हीवर रात्री उशिराचा कार्यक्रम ‘पंचवीस वाजता’ आहे असं उघड छापतात. तिथं कुणाचं काही अडत नाही.

बापू : ते जपानी लोकांना चालत असेल. विमानतळावर पंचवीस चाळीस लिहून बघ. निम्मे प्रवासी म्हणतील घड्याळ बिघडलंय. शिवाय तुझ्या त्या आय-९४ ला, विम्याला, पासपोर्टवरच्या शिक्क्याला कॅलेंडरचीच तारीख लागते. रविवारी रात्रीचं विमान म्हणून विकलं आणि शिक्का सोमवारचा पडला, तर लोक कंपनीच्या नावानं ओरडतील की तुम्ही आम्हाला फसवलंत. दाजींनी ते तिकीट घेतलं असतं ते ‘रविवारी रात्रीचं’ म्हणूनच. त्या दिवशी २७ या आकड्यानंच तुम्हाला वाचवलं. कॅलेंडरची तारीख काढून चालणार नाही, अक्का.

अक्का : हा मुद्दा मात्र बरोबर आहे तुझा. काढा असं मी म्हणतच नाही. तारीख आहे तशी राहू दे. तिच्या खाली एक ओळ वाढवा. ‘गुरुवार २३ ऑक्टोबर, रात्री ९:४० पर्यंत विमानतळावर पोहोचा.’ बस्स. पंचांग नको, पंचवीस वाजणं नको. ज्या कॉम्प्युटरला विमान पोहोचतं त्या वेळेपुढे ‘अधिक एक’ लिहून दुसऱ्या दिवशी पोहोचेल हे सांगता येतं, त्याला निघण्याच्या बाजूला एवढं वजा करायला काय जड आहे?

बापू : जड नाही, पण जोखीम आहे. वेळ बदलली, विमान पुढं गेलं, की ती ओळ चुकीची ठरणार. छापलेली ओळ चुकली की भरपाई मागायला तुझ्यासारखे हजर. म्हणून ते तेवढंच छापतात ज्याच्याबद्दल त्यांना धरता येणार नाही.

अक्का : उड्डाणाची वेळ बदलली की तिचा मेसेज पाठवतात ना? त्यातच ही वेळही बदलून पाठवायची. ते प्रवाशाला कळेल असं छापत नाहीत. आपण अडकणार नाही असं छापतात. हे तूच बोललास आत्ता.

बापू : बोललो खरं.

अक्का : सरकारी संस्थाही हे जाणून आहेत. अमेरिकेत वजन-मापांची आणि वेळेची मानकं सांभाळणारी जी राष्ट्रीय संस्था आहे, तीच सल्ला देते की करारात नुसतं ‘मध्यरात्र’ लिहू नका, ११:५९ किंवा १२:०१ लिहा. लोक गोंधळतात हे गृहीत धरून दिलेला सल्ला आहे तो. लोकांना सुधारण्यापेक्षा लिहिणं सुधारणं स्वस्त पडतं, एवढं त्यांनी ओळखलंय.

बापू : १२:०१ लिहिलं तरी तुम्ही शुक्रवारी रात्रीच गेला असता.

अक्का : गेलो असतो. म्हणून तर म्हणते, मिनिट बदलून भागत नाही, वार लिहायला पाहिजे. विमानवाल्यांना हेही जमलेलं आहे बरं का. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपण दिवस आधी लिहितो. आकड्यांत लिहिलं तर तीन नोव्हेंबर की अकरा मार्च, कळणार नाही. म्हणून तिकिटावर महिना अक्षरांत असतो. लोक चुकतील हे ओळखून कुणीतरी तो नियम केला. तेवढी अक्कल एका गोंधळासाठी वापरली, दुसऱ्यासाठी वापरायची राहिली.

बापू : बरं, मग पैशाचं काय म्हणतेस? तुझ्या हिशेबानं नुकसान कंपनीनं सोसायचं का?

अक्का : नाही. ते मी कुठं म्हणते? तिकीट आमच्या नावावर होतं, जागा त्यांनी रिकामी नेली. मुलीनं पैसे भरले, आम्ही तिला परत करतोय, ती घेत नाही, हे भांडण वेगळं चालू आहे. कंपनीकडे मला एक पैसा मागायचा नाही. एक ओळ मागायची आहे.

बापू : तुला खरं सांगू? आमच्या आरक्षणाच्या खिडकीवर ही ओळ होती. छापलेली नव्हती, खिडकीतल्या माणसाच्या तोंडात होती. मुंबईहून रात्री निघालेली गाडी साताऱ्यात पोहोचायची पहाटे तीनला. इथून पुढचं आरक्षण मागायला कुणी आला, की तारीख लिहायच्या आधी क्लार्क विचारायचा, ‘पाहुणं, आज झोपायचं नाही का उद्या?’ दिवसातून दहादा विचारायचा. एवढं करूनही एखादा चोवीस तास उशिरा उगवायचाच. मग कंडक्टरला सांगून कुठंतरी बसवून द्यायचो.

अक्का : बसवून द्यायचास ना? मघाशी मला करार शिकवत होतास.

बापू : तिकिटाच्या नियमात ते बसत नव्हतं, पण माणूस पिशवी घेऊन पहाटे तीनला स्टँडवर उभा आहे म्हटल्यावर काय करणार? तरी माझं मत बदललेलं नाही हां. तिकीट हातात घेतलं की जबाबदारी घेणाऱ्याची. फक्त एवढं मानतो की देणाऱ्यानं देताना तोंड उघडलं पाहिजे.

अक्का : आमचं तिकीट जावयानं रात्री अंथरुणात पडून फोनवर काढलं. तिथं तोंड असलेला कुणी नव्हताच. खिडकी गेली, क्लार्क गेला, त्यांचे पगार वाचले. मग तो जे तोंडानं बोलायचा ते आता कागदानं बोलायला नको का?

बापू : नको कोण म्हणतंय? पण कागद बोलायला लागेपर्यंत पुढच्या वेळी तिकीट काढलं की आधी मला फोन कर. पैसे भरायच्या आत मी विचारीन, आज झोपायचं नाही का उद्या.

अक्का : करीन. पण तुझा नंबर सगळ्या प्रवाशांकडे नसतो, बापू.